दाट

शनिवारी संध्याकाळी वेइयो साउना तापवतो.
मी बाहेर पायरीवर, मांडीवर त्याचा टॉवेल.
आत गेले तर
गरम पाण्यानंतर अंगभर मुंग्या उठतात,
चावतात, आणि दिसत एकही नाही.

रक्त फार झालंय तुमच्यात, म्हणाली होती डॉक्टर.
मला हसूच फुटलं.
शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं
रक्ताचं पाणी केलं, बाई,
आणि आता म्हणे ते दाट झालंय,
बुडाला लागत आलेल्या मुरंब्यासारखं.

दर सहा आठवड्यांनी नर्स अर्धा लिटर काढून घेते.
ते कुणालाच देत नाहीत.
मी विचारलं होतं.

बाकी घर तेच.
गोळ्यांची डबी कॉफीच्या डब्याला टेकून,
रविवारच्या खणात चुकून मंगळवार.
वेइयोनं रक्ताची धिरडी आणणं सोडलं,
तुला लोह नको, मग मलाही नको, म्हणाला.
मार्चमध्ये गॅरेजात सापडला,
उभ्यानंच खात होता, थंडगार,
हनुवटीवर लिंगनबेरीचा ओघळ.
मी दार हळूच लोटून घेतलं.
ती गोष्ट अजून आमच्यात निघालेली नाही.

खाली कल्लावेसी गोठताना कण्हतंय.
आतून हाक येते, आहेस ना गं?
दर शनिवारी एवढंच विचारतो.

आहे.
दगडांवर अजून एक पळी ओत,
मला इथवर ऐकू येऊ दे.