एका दमात

रात्री दीड. सीपीआरच्या अपघात विभागात
खोकल्यांची रांग दारापास्नं वळून
रिक्षा स्टँडच्या दिव्यापर्यंत गेलेली.
ब्रदर आवळे एकेकाच्या बोटाला चिमटा लावतो,
आकडा ओरडतो, मी लिहिते.
अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव. एक्क्याण्णव –
हात गार आहे, चोळ, पुन्हा लाव.

टेबलावर नवा टॅब.
वय, नाडी, श्वास, ऑक्सिजन, बी.पी., शुद्ध, जुने आजार:
सात रकाने भरले की आठव्यात तो सांगतो
तीस दिवसांत या माणसाचं काय होईल.
टक्क्यांत सांगतो.
पोपटवाला निदान पोपट तरी दाखवतो.

सुमती मगदूम, वय त्रेसष्ट, हुपरी.
पैंजणांना घुंगरं जोडून जोडून
बोटांची टोकं काळपट,
चिमट्याला पटत नाहीत.
करंगळी पटते: त्र्याण्णव.

मावशी, मोठा श्वास घ्या
आणि एका दमात मोजा.
त्या मोजतात, रोज मोजतात तशा,
हवेत एकेक घुंगरू सरकवत.
चौदा. पंधरा. सोळा.
सतराव्याला ओठ हलतात, आवाज येत नाही.
लेक म्हणतो, "चाळीस व्हायची हिची. एका दमात."

टॅब म्हणतो: चौदा टक्के.
"चौदा म्हंजे? रुपयातलं चौदा पैसं?
मग शहाऐंशी आपल्याकडंच की ओ."
काय सांगू त्याला.
शंभर सुमतीबाई उभ्या करायच्या
इथनं दसरा चौकापर्यंत, सगळ्यांच्या पदराला
तीच गंजकी पिन, पिशवीत तीच स्टीलची बाटली,
आणि त्यातल्या चौदा
परतीच्या एस.टी.त बसत नाहीत.
यांचा नंबर कितवा, रांगेला माहीत नाही.
रांग लावणाऱ्यालाही नाही.

म्हटलं फक्त, "बघू या."

गेल्या हिवाळ्यात बाबालाल मुल्लाणी आला होता,
शिरोलीच्या फाउंड्रीतनं, अंगाला जळक्या वाळूचा वास.
टॅबनं दोन म्हटलं. मीही दोनच म्हटलं असतं.
हसत गेला.
तिसऱ्या रात्री आणला तेव्हा शब्द तोडून बोलत होता,
पाण्यातलं पा, आणि बऱ्याच वेळानं णी.
टॅब चुकला नव्हता. दोनांत कुणीतरी असतंच.
त्याचा केसपेपर मी फाईलला लावलेला नाही.
खणात आहे, स्टेपलरखाली.

आत हाय-फ्लोचा एकच बेड रिकामा.
बाहेर कसबा बावड्याचा एक पोरगा, सव्विशीचा,
फुटबॉलच्या जर्सीत, आईच्या खांद्यावर डोकं. सहा टक्के.
सहा आणि चौदा. तिसरीतलं पोर सांगेल मोठं कोण.
तरी मी दोघांच्या गळ्याकडे बघत उभी राहते,
हाडामागचा खळगा
कुणाचा जास्त आत ओढला जातो.

"आणखी काय वेगळं झालं?"
"जेवण न्हाई दोन दिस. पर डॉक्टर..." लेक घुटमळतो,
घरातली लाज सांगावी तसा,
"आज सकाळी चहाला नको म्हटली."

हा रकाना टॅबमध्ये नाही.

बेड त्यांना दिला.
पोराला मास्क, माझ्या टेबलासमोरची खुर्ची,
दर पंधरा मिनिटांनी एकच प्रश्न: मॅच कुणी मारली?
तो पूर्ण वाक्यात भांडतो, रेफ्रीला शिव्या घालतो.
आई त्याला गप्प करते. मी म्हणते, बोलू द्या.

पाचला टाउन हॉलच्या झाडांत कावळे सुरू होतात.
टॅब झोपलेला, बोट लावल्यावर उठतो.
नववा रकाना: प्रत्यक्षात काय झालं.
खाली बारीक अक्षरात: तीस दिवसांनी भरा.
तो पांढरा ठेवून मी आत जाते.
नळीची फुसफुस. नाकाशी वाफ.
"मावशी, चहा सांगू?"

त्या हो म्हणत नाहीत.
पण नको म्हणायला
या वेळी जरा वेळ लावतात.