वजन

मिरकरवाड्याच्या शाळेत, चादरीवर,
काळा-पांढरा विलायती सिनेमा.
इंग्रजी कुणालाच धड कळेना.
धुराडी, विटांच्या एकसारख्या चाळी,
यंत्रावरून सुटलेला एक पोरगा
मोरीत हात घासतोय, घासतोय.

मेहरून साखरकर पुढच्या बाकावर,
दिवसभर कोळंबी सोललेली बोटं
ओढणीखाली.
"वास जायचा नाय त्याचा," म्हणाली.

मग पगाराचं पाकीट आलं.
पोराने मोजलं. परत मोजलं.
मुकादमाकडे बघितलं नुसतं.

"तिकडे पण बर्फाचं वजन कापतात?"
तिने अंधारात विचारलं.
मी हो म्हणालो. मला काय माहीत.

पहाटे चारला कंपनीचा टेम्पो येतो,
म्हणून शेवटाआधीच उठली,
पायाने चपला चाचपत.
पोरगा टेकडीवर एकटाच उभा राहिला.

चादर तिच्याच घरची.
धुऊन द्यायला हवी.