गळती

टोलीडोबाहेरच्या शाळेला नवं छप्पर आलं.
पाटीवर लिहिलंय: पैजांच्या करातून.

ड्वेन केसलर, इथला सफाईवाला,
बादली घेऊन उभा,
पूर्वी गळायचं तिथंच, सवयीनं.

तेव्हा आकडा लावायला
न्हाव्याच्या मागच्या खोलीत जावं लागे.
उधारी फार थकली की लेस्टर
गालावरचा वस्तरा थांबवून म्हणायचा,
"पुरे, ड्वेन. घरी जा."

आता फोन. रात्री दोनला
कोरियातला बेसबॉल,
खेळाडूंची नावंही धड उच्चारता येत नाहीत.
सगळं कायदेशीर, पावतीसकट.
फोन कधी पुरे म्हणत नाही.

लेकीची मॅच बघायला आलेली रोझॅन विचारते,
आपला ट्रक कुठाय?

तो बादली खाली ठेवतो,
वर बोट दाखवतो:
तो काय,
तिसऱ्या तुळईपासून खिडकीपर्यंत.

थेंबही गळत नाही.