टिंब असलेलं वर्तुळ

पहिल्यांदा मी सर्वांत स्वस्त दरपत्रकावर सही केली.
सात महिने चाललं.
मग फोन लागेना,
आणि कळलं की आमच्याच चलनांचा हिशेब
त्यांच्या कुठल्याशा कुलपात आहे.
चार आण्याची कोंबडी म्हणतात ती हीच,
मसाला मी अजून फेडतोय.

दुसऱ्यांदा आली हेमांगी दरेकर,
बाणेरहून भोसरीला, स्कूटरवर, हेल्मेटला चिखल.
मी एक्केचाळीस मागण्यांची यादी सरकवली पुढे:
डॅशबोर्ड, आलेख, माझ्या मोबाईलवर भट्टीचं तापमान
(आळंदीला जेवायला गेलो तरी दिसावं असं).
तिने कागद सॅकमध्ये ठेवला.
"रात्रपाळी किती वाजता सुरू होते?"

रात्री अकरानंतर हायवेचा आवाज जरा बसतो,
भट्टीचा बसत नाही.
नऊशे वीस अंशांतून ट्रे बाहेर येतो,
गिअर तेलात बुडतात, धूर पत्र्याला चिकटतो.
टिळेकर खडूने खुणा करत होते.
ती उलट्या क्रेटवर बसून बघत होती,
तासभर, न बोलता.
मग: "काका, हे वर्तुळ, मधे टिंब, हे काय?"

"ते होय. ते परत घालायचं. कडकपणा नाही आला तर."
"किती वेळा होतं?"
"मोजतंय कोण."

मी तिथेच उभा होतो, हातात चहा.
एकोणीस वर्षं ते वर्तुळ मी पाहत होतो,
जिन्यातला जुना डाग पाहतो तसं.
एक्केचाळिसात ते कुठेच नव्हतं.

गुरुवारी आमच्याकडे वीज बंद, भट्ट्या थंड.
त्या शांततेत तिने यादी परत दिली,
एकोणतीस ओळींवर काट.
म्हटलं, पैसे मी देतोय आणि कमी तुम्ही करताय?
"पैसे तुम्ही देताय म्हणूनच," ती म्हणाली,
आणि अट घातली:
दर गुरुवारी एक तास. तुमचा. मॅनेजरचा नाही.

तिच्या तासाच्या दरात मी घासाघीस केली होती,
दीडशे रुपये सोडवले होते, खूश होतो.
माझ्या तासाचा भाव कुणी विचारलाच नव्हता.

तीन गुरुवार मी चुकवले.
एक सासवडचं लग्न, एक चाकणचा गिऱ्हाईक,
आणि एक, खरं सांगायचं तर, नुसता कंटाळा.
त्या तीन आठवड्यांत त्यांनी जे बांधलं
ते कुणालाच नको होतं.
बिल आलं. त्यावर नाव त्यांचं होतं,
चूक माझी. मुकाट भरलं.

माझीही एक अट होती, दुधाने तोंड पोळलेल्याची:
सगळा कोड, सगळे पासवर्ड, आमच्या नावावर.
ती लगेच हो म्हणाली.
ते पाकीट आता लोखंडी कपाटात आहे,
प्रदूषण मंडळाच्या कागदांखाली,
वडिलांच्या पहिल्या लेथच्या पावतीशेजारी.

पडद्यावर आता एक मोठं बटण आहे,
वर्तुळ, मधे टिंब.
टिळेकरांचं तेलकट बोट त्याला कळत नाही,
ते पँटला पुसतात, पुन्हा दाबतात, शिवी देतात.
पहिल्या महिन्यात आकडा आला: दोनशे चौदा.
दोनशे चौदा ट्रे, दोनदा गॅस.
ऑफिसात कुणी बोलेना.
"तिसऱ्या झोनचा थर्मोकपल खोटं बोलतोय,"
टिळेकर म्हणाले. "मागच्या दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं."
सांगितलं असेल.
लिहून घेतलं नव्हतं मी.

परवा चाकणहून मित्राचा फोन.
कोणाकडून केलंस? नंबर दे. रेट काय?
नंबर दिला. रेटही सांगितला.
गुरुवारचं सांगायला गेलो, तोवर त्याने ठेवलाच.

टिळेकर खडू अजून वरच्या खिशात बाळगतात.
विचारलं तर म्हणतात,
वीज काय फक्त गुरुवारीच जाते का.