कोरडा कोपरा

परवाना बापाच्या नावाचा होता.
बाप गेला. तेरावं झालं,
ठासणीची बंदूक ठाण्यात जमा केली, पावती आणली.
डब्याबद्दल कुणी विचारलंच नाही.

डबा माळवदाच्या खोलीत,
चुलीकडं पाठ केलेल्या देवळीत,
पुढं फळी, फळीला खुंटी.
पत्र्याच्या खोलीत बापानं तो कधी ठेवला नाही,
चैतापासून तिथल्या भिंतीला हात लावता येत नाही.
दारू मेणकापडात. टोप्या वेगळ्या,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत, कापूस कोंबून.
छर्रा खाली, गोणपाटाच्या पिशवीत.
"दारूला दोन वैरी," बाप म्हणायचा,
"ओल अन् ठिणगी.
तिसरं लेकरू."
अन् माझ्याकडं बघायचा.

त्या खोलीत कंदील न्यायचा नाही.
आम्ही अंधारात लुगडी बदलली,
अंधारात तूर मापली.
पापड, कुरडया, मीठ
माय ओलसर भिंतींशी भांडत ठेवायची;
घरातला सगळ्यात कोरडा कोपरा
दारूनं आधीच धरलेला.

करेवाडाची बंदूक आहे म्हणून गाव झोपायचं.
तूर शेंगात आली की रात्री दोनदा, तीनदा
वावराकडून आवाज यायचा,
अन् सकाळी बाप पारावर सांगायचा
डुक्कर केवढं होतं,
कसं लंगडत नाल्यात उतरलं.
नेहमी नाल्यातच उतरायचं.
कुणी हसलं नाही.
तूर तर वाचत होती.

मृगाच्या तोंडावर मीच निरोप धाडला.
जमादार बोईनवाड आले इस्लापूरहून,
गादेवाराच्या दुकानातला तराजू मागवला,
परवान्याची वही मांडीवर घेतली.
दारू दरसाल घेतलेली. उरली मूठभर.
टोप्या दरसाल. उरल्या एकोणीस.
छर्रा एकदाच, परवाना निघाला त्या साली,
दोन किलो.
पिशवी पारड्यात ओतली.
जमादारांनी काटा बघितला, चष्मा पुसला,
पुन्हा तोललं.
"पन्नास ग्रॅम कमी," ते म्हणाले.
"चाळीस वर्षांत ह्या माणसानं मारलं तरी काय?"

माय उंबऱ्यात लसूण सोलत होती.
"आवाज," ती म्हणाली.
"धुणं मीच धूत होते, साहेब.
काजळी निघायची. रक्त कधी नाही."

मग उठली, पेटीत हात घालून
बूट-पॉलिशची एक डबी काढली,
कडेनं डांबर, मधून बाभळीची काडी,
काडीला दाताच्या खुणा.
"हे घ्या तुमचे पन्नास."
हलवली.

मला तो खुळखुळा आठवत नव्हता.
मान मात्र आपोआप वळली,
वावरातून आवाज आला की
सगळं रान वळायचं तशी.

जमादारांनी डबी तोलायला हात पुढं केला,
मागं घेतला.
"हे लेकराचं आहे," माय म्हणाली,
अन् मी, चाळिशी ओलांडलेली, गप उभी.

बाकीचं ते घेऊन गेले, पंचनाम्यावर
माझी सही, मायचा अंगठा.
देवळीत डब्याच्या बुडाचा गंजका गोल राहिला.
संध्याकाळी त्यावर मायनं मिठाची बरणी ठेवली,
फळी लावली, खुंटी सुद्धा.

दिवा मात्र
ती अजून दाराबाहेरच टेकवते.