घरचं मैदान

ग्रिम्झ्बीचं मैदान ग्रिम्झ्बीत नाही.
वेस ओलांडून क्लीथॉर्प्समध्ये आहे,
म्हणजे आमचा संघ घरीसुद्धा परगावीच खेळतो.
हे मला मॉरीन ड्रुरीनं पहिल्याच दिवशी सांगितलं,
पुदिन्याची गोळी पुढे करत,
आणि मी, हर्णैहून आलेली,
तिथेच अडकले.

दिवसभर मी गोठवलेला हॅडॉक तपासते.
पांढरा कोट, जाळीची टोपी, थर्मामीटर.
संध्याकाळी बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही.
स्टँडमध्ये मात्र कुणी नाक मुरडत नाही,
उलट गोल झाला (क्वचित होतो)
की लोक फुगवलेले प्लॅस्टिकचे मासे हवेत नाचवतात.
आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली,
एवढा समुद्र ओलांडून
पुन्हा मासळीतच पडलीस होय गं?

वारा हंबरच्या मुखावरून येतो तो थेट कानात.
सामना रटाळ झाला की आम्ही जहाजं मोजतो.
ऑफसाइड मला मॉरीननं शिकवला
मिठाच्या आणि मिरपुडीच्या पुड्या मांडीवर मांडून,
गोलकीपरच्या जागी अर्धा खाल्लेला पाय.
(खायचा पाय. खेळायचे आमच्याकडे कमीच.)

एकदा शेवटच्या मिनिटाला जीभ सुटली माझी:
"अरे मार की मेल्या!"
आता अख्खी रांग ओरडते,
आरे माऽकी मेल्याऽ
ट्रेव्हरला अजून वाटतं
हा माकी मेल्या आमच्याकडचा मोठा खेळाडू असणार.

मॉरीनची एक वही होती, कापडी पाठीची.
नवरा ट्रॉलरवर आचारी,
तीन-तीन आठवडे आइसलंडच्या पाण्यात.
आला की आधी निकाल मागायचा, मग जेवण.
म्हणून तिनं लिहायला घेतलं:
तारीख, समोरचा संघ, गोल,
आणि शेवटी एक शब्द.
गारठा. लाज. हुश्श. चोर.
पुढे बोटी बंद पडल्या.
पुढे नवरा गेला, घरीच, दुपारी, चहा निवत असताना.
त्या दिवशीही वहीत नोंद आहे:
२–२. बरं.

मागच्या हिवाळ्यात ती माझं नाव विसरली.
मग बसचा नंबर. मग गॅस बंद करायचा.
तिच्या मुलानं वही माझ्या हातात दिली,
प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च गुंडाळून,
जशी आमच्याकडे कोळंबी देतात.

मंगळवारची रात्र. भुरभुर पाऊस.
शेजारची खुर्ची उभी मिटलेली.
ऐंशीव्या मिनिटालाच मी वही उघडली
आणि लिहिलं: ०–३.
हाताला सवय, आकडे मराठीत उतरले.
शब्द सुचेना.
"शी" लिहिलं आणि निघाले.

बुधवारी तिच्याकडे गेले, वृद्धाश्रमात.
ती म्हणाली, "काय झालं काल?"
"बरोबरी," म्हटलं. "एक-एक."
ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
"खोटं. बरोबरीनंतर
माणसाचे खांदे असे नसतात."
आणि हात पुढे केला.

शून्य तिला वाचता आलं, ते सगळीकडे सारखंच.
तीनही आला, शेपूट असूनही.
मग शेवटच्या अक्षरावर तिचं बोट थांबलं.
मी वाचून दाखवलं.
"शी?" ती म्हणाली. "कोण ती?"

मला हसू आवरेना. तिलाही,
का ते न कळता.

उठले तेव्हा तिनं बाही धरली.
नाव तिला आठवत नव्हतंच, ते दिसत होतं.
"शनिवारी अ‍ॅक्रिंग्टन," ती म्हणाली.
"पाहुण्यांच्या बाजूला छप्पर नाही तिथे.
वही कोटाच्या आत ठेव."