पिलं

आधी लाल बाटली. पावरा सिस्टर म्हणाली,
लघवी लाल झाली तर भिऊ नका, मावशी.
हे पेशीच्या गोफात पेडांमध्ये शिरून बसतं,
उकलू देत नाही.
मग बिनरंगाचं. त्याचं नाव मला येत नाही,
सदाफुलीतून काढतात म्हणे;
एकाची दोन व्हायला निघालेली पेशी
ते धरून ठेवतं, उंबऱ्यावरच.

रावेरला आमच्या मोरीपाशी सदाफुली आहे.
बकरी तोंड लावत नाही.

केळीची पिलं मी वीस वर्षं कापली,
मोठं खोड कधी दुखावलं नाही.
हे तसं बघत नाही, सिस्टर,
केसांनाही पिलंच समजतं,
जिभेवरच्या भरताच्या चवीलासुद्धा.

ती थेंब मोजत राहिली.
बाहेर जळगाव, बेचाळीस अंश.
सुईपासून कोपरापर्यंत
माझा हात गार.